चार नऊ, पंच्याऐंशी

"तुला हळू बोलता येत नव्हतं का?" वहिनी पुन्हा म्हणाली. "कुठली गोष्ट कुठल्या आवाजात बोलायची, एवढंही कळू नये? दार उघडं होतं."

"मी कशाला दार बघू?" तिची मुलगी भिंगरी म्हणाली. "मी काय शिवी दिली का कुणाला? आजोबांनी आकडा दिला, फोड म्हणाले. फोडला."

"फोनने."

"मग दाताने फोडायचा होता का?"

"बघा, तोंड कसं चालतंय," वहिनी नवऱ्याकडे वळून म्हणाली. दादा टेबलाशी बसून गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू पिळत होता. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. उघडायच्या आधी असली बारीक कामं तो घरीच उरकायचा, आणि घरात वाजलं की त्या स्क्रूतून मान वर काढायचा नाही.

"मुलगी तुमच्याशी बोलते का माझ्याशी?" वहिनीने विचारलं.

"तुझ्याशी," दादा म्हणाला.

"ती बाई जन्मभर त्या आकड्याला धरून बसली आहे. आणि ही उभ्या उभ्या सांगून मोकळी. तिला काय वाटेल याचा काही विचार?"

"आई, परवापर्यंत तू त्याला आत्याचं खूळ म्हणत होतीस."

"खूळ असलं तरी तिचं आहे ना?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून आत्या बाहेर आली. हातात गढूळ पाण्याचा टब, खांद्यावर ओला टॉवेल. तिच्या आणि दादाच्या वडिलांना, ज्यांना सगळी आळी मास्तर म्हणायची, रोज सकाळी पुसून काढायचं काम तिचं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून मास्तर अंथरुणावरच होते. आत्याने पाणी मोरीत ओतलं, टब उपडा घातला, हात पुसले. स्वयंपाकघरातलं भांडण थांबलं. दादाचा स्क्रूसुद्धा थांबला.

"पुन्हा वाच," आत्या भिंगरीला म्हणाली.

"राहू दे ना, आत्या."

"वाच म्हणते ना."

भिंगरीने फोन वर केला. "नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी. गुणिले दहा लाख तीन."

आत्या ओट्याला टेकली. तिने कागद मागितला नाही. दहा लाख तीनने गुणायचं म्हणजे पहिल्या आकड्यावर सहा शून्यं द्यायची आणि त्याची तिप्पट त्यात मिळवायची. तिप्पट झाली एकोणतीस लाख नव्व्याण्णव हजार नऊशे एकोणपन्नास. तिचे ओठही हलले नाहीत. शेवटचे एकोणपन्नास आपल्या जागेवर येऊन बसले तेव्हा तिने एकदा ओला टॉवेल खांद्यावरून काढला आणि पुन्हा खांद्यावरच टाकला.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि मास्तरांच्या चहाचं आधण ठेवायला वळली.

या घरात मुलांनी हट्ट करायचा नाही अशी रीत होती. हट्टाऐवजी आकडा मिळायचा. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. मुलाने काही मागितलं की ते हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. थोडा विचार करून एक आकडा सांगत आणि म्हणत, हा फोडून आण. म्हणजे कुठल्या लहान आकड्यांच्या गुणाकारातून तो झाला आहे ते शोधायचं. फुटला की वस्तू घरात. दादाने बॅट मागितली तेव्हा त्याला दोनशे एकवीस मिळाला, आणि तेराने भागून सतरा आल्यावर बॅटही मिळाली. सायकलला पंधराशे सतरा पडला. तीनपासून भाग देत सदतिसाला पोचेपर्यंत त्याचा रविवार गेला आणि तो दोनदा रडला. येणाऱ्याजाणाऱ्याला मास्तर कौतुकाने सांगत, आमच्याकडे काही फुकट मिळत नाही.

धाकट्या मुलीला ते हातची म्हणायचे, बेरीज करताना हातचा एक धरतात तशी. हातची आकड्यांना घाबरायची नाही. नव्या फ्रॉकसाठी तिला एक हजार एक मिळाला, आणि मास्तरांचा चहा निवायच्या आत ती सात, अकरा, तेरा घेऊन परत आली. त्यांनी पद्धत एकच शिकवली होती. सुरुवात तीनपासून करायची, ओळीने वर जायचं, मधला एकही सोडायचा नाही. काही आकडे कशानेच फुटत नाहीत, त्यांना मूळ संख्या म्हणतात, आणि तेही उत्तरच असतं. पण ते नुसतं म्हणून चालत नाही. त्या आकड्याच्या वर्गमुळापर्यंत सगळ्यांनी भाग देऊन दाखवावा लागतो. त्यापुढे जायची गरज नाही, कारण आकडा दोघांत फुटणार असेल तर त्या दोघांतला एक वर्गमुळाच्या अलीकडे सापडतोच.

बारावी झाल्यावर हातचीने कॉलेज मागितलं. गणितच घ्यायचं होतं, आणि त्यासाठी दुसऱ्या गावी राहावं लागणार होतं. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग एका सकाळी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने त्यांनी एक आकडा लिहून दिला. बारा अंकी.

९९९९८५९९९९४९

"हा फोडून आण," ते म्हणाले. "फुटत नसेल तर फुटत नाही असं दाखव. हाताने. मग जा खुशाल."

तिला तो पाहताक्षणी पाठ झाला. चार नऊ, पंच्याऐंशी, चार नऊ, एकोणपन्नास. पुढे घरात सगळ्यांनाच तो येऊ लागला. दादा दाढी करताना गुणगुणायचा, आई तांदूळ निवडताना पुटपुटायची.

कुठे थांबायचं ते कळावं म्हणून पहिल्या संध्याकाळी तिने वर्गमूळ काढलं. ते दहा लाखांच्या किंचित अलीकडे आलं. म्हणजे तीनपासून जवळजवळ दहा लाखांपर्यंत भाग देत जायचं. सम आकडे गेले, तीन-पाच-सातच्या पटीतले गाळले, तरी उरलेले लाखांत होते. ती सतरा वर्षांची होती. तिला वाटलं, मधेच कुठेतरी फुटेल. मास्तरांचे सगळे आकडे मधेच कुठेतरी फुटत आले होते.

कॉलेजात नावं घालायचे दिवस आले तेव्हा ती चार हजारांच्या आसपास होती. पुढच्या वर्षी बघू, मास्तर म्हणाले. पुढच्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. तिला उठवायला, भरवायला, पुसायला माणूस हवं झालं. दादा तेव्हा चष्म्याच्या काचा घासायचं काम शिकायला जात होता. हातची घरातच होती.

आई बरीच वर्षं तशीच पडून राहिली आणि मग गेली. तोवर हातचीचे हात दुसऱ्याच कामात मुरले होते. तयार शर्टांच्या कारखान्यातून तिच्याकडे गठ्ठे यायचे. ती काजं करायची आणि बटणं लावायची. तिचं काज असं घट्ट विणलेलं असायचं की शर्ट फाटला तरी काज उसवत नसे, असं कारखान्याचा मुकादम म्हणायचा. शर्टाच्या घडीत घालायच्या पुठ्ठ्यांपैकी दुमडलेले, डागाळलेले पुठ्ठे तो तिला ठेवायला सांगायचा. दुपारी काजं आटोपली की खिडकीशी बसून ती त्यांच्यावर भागाकार करायची. भरलेला पुठ्ठा बंबात जायचा. ती काही जपून ठेवायची नाही. फक्त कुठवर आली तेवढा शेवटचा आकडा आपल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, कापडाला खुणा करायच्या खडूने लिहायची. रोज पुसायची, रोज नवा लिहायची.

स्थळं आली. एक गोदामातला कारकून आला होता. त्याने तिला विचारलं, तुम्हाला कशाची आवड आहे, आणि तिने खरं ते सांगितलं. तो हसला, पण वाईट हसला नाही. त्याने पुठ्ठाही बघायला मागितला. मग मास्तर मधे म्हणाले, तिचं एक काम हातात आहे, ते होऊ दे. कारकून थोडे दिवस थांबला असेल. मग दुसरीकडे त्याचं जमलं.

दादाचं लग्न झालं. वहिनी आली, भिंगरी झाली, हातचीची आत्या झाली. कॉलेजाचं नाव कुणी काढेनासं झालं आणि आत्यानेही काढलं नाही. आकडा मात्र चालूच राहिला. दुकानात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा दादा म्हणाला होता, घालून बघू का यात? एका झटक्यात सांगेल. आत्या म्हणाली, हाताने म्हणाले होते बाबा. मास्तर आतून म्हणाले, यंत्राने केलेलं धरायचं नाही. विषय संपला.

खरं तर तोवर तिला उत्तर माहीत होतं, असं तिला वाटायचं. एवढ्या लाखोंनी भाग दिला आणि त्याने एकालाही दाद दिली नाही, त्या अर्थी तो न फुटणारा होता. वहिनी नवी होती तेव्हा एकदा चेष्टेने म्हणाली होती, "वन्सं, फुटला का तुमचा?" त्यावर आत्या शांतपणे म्हणाली, "तो फुटायचा नाही." आपल्या माणसाबद्दल बोलावं तसं. वहिनीने नंतर पुन्हा तसं विचारलं नाही, पाठीमागे मात्र खूळ म्हणत राहिली.

कपाटाच्या दारावर कालचा आकडा होता, सहा लाख एकेचाळीस हजार चारशे अकरा.

चहा उकळत होता. आत्याची पाठ बाकीच्यांकडे होती, म्हणून त्यांना बोलायला थोडं सोपं झालं.

"ते जाऊ दे," भिंगरी म्हणाली. "माझं काय? सोमवारी जाऊन कॉलेजात नाव पक्कं केलं नाही तर जागा जाते. आजोबा म्हणाले आकडा फोड आणि जा. फुटला. मी जाते."

"आजोबा म्हणताहेत फोनचं धरायचं नाही," दादा म्हणाला.

"मग आत्यासारखं करू का? म्हातारी होईपर्यंत?"

"भिंगरे," वहिनी म्हणाली.

"नाही, सांगा ना. बाबा, तुमची सायकल कितीला पडली होती? पंधराशे सतरा. मला बारा अंकी. आत्याला बारा अंकी. हे कसं काय ते मला सांगा."

दादाने चष्मा उजेडाकडे धरून पाहिला. काच स्वच्छ होती, तरी तो ती पुसत राहिला. "बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे. घर त्यांचं आहे. या वयात त्यांच्या मनाविरुद्ध... आणि दुसरंही आहे. परवा डॉक्टर काय म्हणाले? कुशीवर वळवायला दोन माणसं लागतील, नाहीतर पाठीला जखमा होतील. आत्याचं मनगट किती दुखतं ते बघतेस. तुझ्या आईची दवाखान्यातली नोकरी, माझं दुकान. तू घरात असलीस तर..." त्याने चष्मा डबीत ठेवला. "एकच वर्ष. पुढच्या वर्षी बघू."

आत्याने गॅस बंद केला.

चहा गाळून तिने बशीत ओतला, चमचा घेतला, आणि कुणाकडे न बघता आत गेली. वहिनी डोळ्यांनी नवऱ्याला म्हणाली, जा तिच्यामागे. दादा गेला नाही.

खोलीत औषधाचा आणि पावडरीचा वास होता. मास्तर जागे होते. शरीर वाळून काटकी झालं होतं, डोळे मात्र वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचे तसेच होते.

"फुटला म्हणे," ते म्हणाले.

आत्याने एक हात त्यांच्या मानेखाली घातला आणि त्यांना थोडं वर घेतलं. मनगटातून कळ गेली तसा तिने ओठ दातांखाली दाबला. दुसऱ्या हाताने चमचा भरला.

"तुम्हाला माहीत होतं."

"मीच बनवला. मला माहीत नसेल?" त्यांनी चहा गिळला. "हातची, वर्गमूळ काढलं होतंस ना पहिल्या दिवशी?"

"काढलं होतं."

"शेवटचा अंक काय आला?"

"दोन."

"त्याआधी तीन लावून पाहिला होतास?"

ते विचारत होते आणि ती उत्तरं देत होती, अशी सवय तिच्या अंगात इतकी होती की तिला थांबताच आलं नाही. शिवाय तिला ते खरंच आठवलं. कंदिलासारखा पिवळा दिवा, गुडघ्यावरची पाटी, एकेक अंक खाली उतरवत आलेलं मूळ आणि शेवटच्या घराशी अडलेलं बोट. तिने तीन लावला होता. जरासा जास्त होत होता. तिने तो बोटाने पुसून दोन लिहिला होता.

"लावला होता. बसला नाही."

"कितीने?"

"शंभरने कमी पडत होतं."

"शंभरने," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम जीव आला. "बारा अंकी आकडा, आणि नुसत्या शंभराने पूर्ण वर्ग व्हायचा राहिला. शंभर म्हणजे कशाचा वर्ग?"

"दहाचा."

"मग?"

चमचा बशीत राहिला. आकडा म्हणजे एका वर्गातून दहाचा वर्ग वजा. अ वर्ग वजा ब वर्ग. ते नववीच्या पुस्तकात होतं. मास्तरांनीच तिला नववीत शिकवलं होतं, फळ्यावर चौकोन काढून. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याण्णव. त्यातून दहा काढले की एक तुकडा, त्यात दहा मिळवले की दुसरा. भिंगरीने मघाशी वाचले तेच दोन.

"एका संध्याकाळचं काम होतं," मास्तर म्हणाले. "मुद्दाम तसा बनवला होता. अवघड दिसावा आणि बघणाऱ्याला लगेच दिसावा. मी दाराआड उभा होतो तेव्हा. तू तीन लावलास, माझा श्वास अडकला होता. मग तू तो पुसलास आणि परत खाली जाऊन तीनपासून भाग द्यायला लागलीस. म्हटलं, हिला नाही दिसलं. ज्याला असं दिसत नाही त्याने गणिताच्या वाटेला जाऊ नये. फरफट होते माणसाची."

"तीनपासून ओळीने जायचं, एकही सोडायचा नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं."

"ते लहान आकड्यांना."

"लहान आकड्यांना, असं नव्हतं सांगितलं."

मास्तरांनी तोंड उघडलं, म्हणून तिने चमचा भरून त्यांच्या ओठांशी नेला. थोडा चहा हनुवटीवर ओघळला. तिने तो टॉवेलच्या टोकाने टिपला.

"नाही दिसलं तर नाही दिसलं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तसं सांगायचं होतं. तुझ्याच्याने होणार नाही, बस घरी, असं म्हणायचं होतं. मी रडले असते. दुसरं काहीतरी शिकले असते."

"वर्षभर वाट बघावी म्हटलं. आज ना उद्या तुझ्या ध्यानात येईल. पुढच्या वर्षी सांगणारच होतो मी." त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. "मग तुझी आई पडली."

"मग?"

"मग काय. घरात कोणीतरी हवंच होतं." ते खिडकीकडे बघत होते. "आणि तुझं त्यात मन रमलेलं दिसत होतं. तक्रार नव्हती काही. दुपारची बसायचीस. बरं चाललं होतं. राहून गेलं ते."

"राहून गेलं," आत्या म्हणाली.

"चिडू नकोस. त्या पोरीला तोच दिला, म्हटलं हिला तरी दिसतं का बघू. तर तिने त्या डबीला विचारलं. हिलाही नाही दिसायचं." त्यांनी मान तिच्या हातावर सैल सोडली. "घरात राहिली तर बरंच आहे. तुझा हात हलका होईल. दोन माणसं लागतात आता मला."

बशीत थोडाच चहा उरला होता. तिने तोही त्यांना पाजला. मग मानेखालचा हात हळूच काढून घेतला आणि डोकं उशीवर ठेवलं. पांघरूण पायांपर्यंत ओढलं. मास्तरांनी डोळे मिटले. आपलं म्हणणं पटवून झालं की ते असेच मिटायचे.

ती खाटेजवळ थोडी उभी राहिली. तिला कारकुनाचा चेहरा आठवायचा होता, पण आठवेना. पुठ्ठा बघताना त्याने तो उजेडाकडे तिरपा धरला होता एवढंच आठवत होतं. मग तिला वाटलं, कुठल्या तरी एका दुपारी, एका तरी भागाकाराच्या वेळी, ते दारात येऊन उभे राहिले असतील. बघून परत गेले असतील. अशा किती दुपारी असतील. तिने मोजायला सुरुवात केली नाही.

बाहेर भांडण नव्या ठिकाणी पोचलं होतं. वहिनी म्हणत होती की बाई ठेवावी, दादा म्हणत होता की अनोळखी बाई बाबांना चालणार नाही. भिंगरी खुर्चीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती आणि तिचं नाक लाल झालं होतं.

"आत्या, मी नाही जात," ती म्हणाली. "राहते एक वर्ष. तू नको वाईट वाटून घेऊ."

"बघ, शहाणी आहे पोर," दादा म्हणाला. त्याच्या अंगावरून मोठं ओझं उतरल्यासारखं झालं.

आत्याने टॉवेल दोरीवर वाळत घातला. त्याची टोकं जुळवली. मग ती वळली. ती कुणा एकाकडे बघून बोलली नाही, आणि तिचा आवाज रोज संध्याकाळी काय आणायचं ते सांगतानाच्या आवाजासारखा होता.

"भिंगरी सोमवारी जाते आहे. तिला आकडा नाही. बाबांचं उद्यापासून तुम्ही दोघांनी करायचं. सकाळी दुकान आणि दवाखान्याच्या आधी, आणि परत आल्यावर. वळवताना डाव्या बाजूने घ्या, उजवीकडचं हाड दुखतं. पाणी कोमट लागतं, टब मोरीत उपडा आहे."

"अगं, पण तू..." दादा म्हणाला.

"मी घरातच आहे. काजं करीन, स्वयंपाक करीन. त्या खोलीत मी पुन्हा जाणार नाही. त्यांचा चहा झाला आहे. बशी आतच राहिली आहे, ती घेऊन ये."